प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिला असेल तो केवळ चित्रात. परंतु या गावाच्या परिसरात जमिनीखाली चुनखडीचे जे जाड थर आहेत, ते समुद्राच्याच तळाशी साचलेले आहेत. मनुष्य तर सोडाच, पण मासेही पृथ्वीवर नव्हते अशा अतिप्राचीन काळी येथे समुद्राच्या लाटा उसळत होत्या. पुढे समुद्र गेला आणि त्याच्या तळाचा दगड तेवढा मागे राहिला. हे एकदा कळले म्हणजे रोज पायाखाली येणाऱ्या दगडाकडेही मनुष्य निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. येथे जे आढळते ते येथे कसे आले, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो.

हा प्रश्न जसा दगडांविषयी पडतो, तसाच तो वनस्पतींविषयी आणि प्राण्यांविषयीही पडतो. महाराष्ट्रातील एका शास्त्रज्ञाने तो प्रथम सह्याद्रीतील नद्यांच्या काठी विचारला आणि पुढे जन्मभर त्याचा पाठपुरावा केला. त्या शास्त्रज्ञांचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणात मालवण येथे झाला. मालवण हे समुद्रकाठचे गाव. समोर पाण्यात शिवछत्रपतींनी बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला, आणि किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा अखंड चाललेला खेळ. ओहोटीच्या वेळी समुद्र मागे सरला म्हणजे खडकांतील खळग्यांत नाना तऱ्हेचे जीव उघडे पडतात. कोठे शंख-शिंपले, कोठे तारामासे, तर कोठे वाळूवर पडलेला पारदर्शक, बुळबुळीत गोळा दिसतो. हा गोळा म्हणजे जेलीफिश. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे. त्याला हाडे नाहीत, कल्ले नाहीत, डोके नाही. त्याच्या शरीराचा बहुतेक भाग पाण्याचाच असतो. समुद्राच्या पाण्यात तो उघडझाप करणाऱ्या छत्रीसारखा डौलाने तरंगतो, आणि पाण्याबाहेर काढताच त्याची सारी शोभा नाहीशी होते.

पुढे आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. निसर्गविज्ञान हा त्यांचा आवडीचा विषय. शिक्षण पुरे झाल्यावर त्याच कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी आपल्याकडे या शास्त्राचा अभ्यास बहुधा परदेशी ग्रंथांवरून होई. ग्रंथातील चित्रे विलायतेतील वनस्पतींची आणि प्राण्यांची असत; विद्यार्थी ती पाहून परीक्षा देत आणि बाहेर पडत. आपल्या गावच्या ओढ्यात काय राहते, आपल्या डोंगरावर काय उगवते, याची चौकशी करणारे थोडे. आघारकर मात्र कॉलेजच्या चार भिंतींत स्वस्थ बसणारे नव्हते. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडावे, तेथील जीवसृष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, नमुने गोळा करावेत आणि त्यांची नीट नोंद ठेवावी, हा त्यांचा क्रम होता.

त्यांच्या शोधाचे महत्त्व समजण्यासाठी प्राण्यांचे वर्गीकरण म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. वाण्याच्या दुकानात डाळी एका बाजूला, तेले दुसऱ्या बाजूला आणि मसाले तिसऱ्या बाजूला मांडलेले असतात. तशी मांडणी नसेल तर हवी ती वस्तू सापडणार नाही. पृथ्वीवरील प्राण्यांच्या जाती तर लाखोंनी मोजाव्या लागतात. त्यांची मांडणी करण्याचे मोठे काम स्वीडनमधील लिनीअस या शास्त्रज्ञाने केले. १७५८ साली त्याने सर्व प्राण्यांचे सहा वर्ग पाडले. सस्तन प्राणी, पक्षी, उभयचर, मासे आणि कीटक असे पाच वर्ग झाले. जे प्राणी या पाचांत बसेनात, ते त्याने कृमी या नावाच्या सहाव्या वर्गात घातले. जेलीफिश, तारामासा, गोगलगाय, गांडूळ असे परस्परांशी फारसे नाते नसलेले प्राणी अशा रीतीने एकाच गाठोड्यात बांधले गेले.

हे गाठोडे सोडवून प्रत्येकाला त्याच्या योग्य घरी पोचवण्यास पुढच्या शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. समुद्रात राहणाऱ्या एका कृमीची गोष्ट या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याचे अंग फितीसारखे लांब आणि बहुधा चपटे असते, म्हणून त्याला इंग्रजीत रिबन-वर्म म्हणतात. त्याच्या काही जाती कित्येक मीटर लांब असतात. बाहेरून चपटा दिसतो, एवढ्यावरून पुष्कळ काळ त्याची गणना इतर चपट्या कृमींत होत राहिली. पण अभ्यासकांनी त्याच्या शरीराची आतील रचना तपासली, तेव्हा निराळीच हकीगत कळली. चपट्या कृमींच्या अन्नमार्गाला एकच द्वार असते. याच्या अन्नमार्गाला दोन द्वारे आहेत. शिवाय अन्नमार्गाच्या वरच्या बाजूस द्रवाने भरलेली एक पोकळी असून तीत लांब सोंड दुमडून ठेवलेली असते. भक्ष्य जवळ आले की ती सोंड झटकन बाहेर पडते आणि भक्ष्याला विळखा घालते. अशी सोंड चपट्या कृमींना नाही. तेव्हा रिबन-वर्मचा एक स्वतंत्र संघ मानण्यात आला. आज या संघात सुमारे १३०० जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी बहुतेक समुद्रात राहतात. अगदी थोड्या गोड्या पाण्यात किंवा ओलसर मातीत आढळतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक अशी की, बाह्य रूपावरून नाते ठरवू नये. आत डोकावून पाहावे. दुसरी अशी की, समुद्रात राहणाऱ्या कुळातील एखादाच प्राणी गोड्या पाण्यात सापडला, तर तो तेथे का आणि कसा आला, याचा विचार करावा. जेलीफिशच्या बाबतीतही हेच घडले. जेलीफिश हा समुद्रातच राहणारा प्राणी, अशी एकोणिसाव्या शतकात बहुतेकांची समजूत होती. १८८० साली लंडनमधील एका बागेत, जलवनस्पतींच्या हौदात, गोड्या पाण्यातील लहानसा जेलीफिश दिसला आणि सर्वांना आश्चर्य वाटले. पुढे आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात गोड्या पाण्यात राहणारा निराळ्या प्रजातीचा जेलीफिश आढळला. १८९३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्या प्रजातीला लिम्नोक्नायडा हे नाव मिळाले.

टांगानिका सरोवर समुद्रापासून फार दूर आहे. मग तेथे जेलीफिश कसा? काही विद्वानांनी असे अनुमान केले की, हे सरोवर म्हणजे एका पुरातन समुद्राचा मागे राहिलेला तुकडा असावा. समुद्र निघून गेला आणि त्याचे प्राणी तेथे अडकून पडले. कल्पना मोठी आकर्षक होती. परंतु काही वर्षांतच याच प्रजातीचे जेलीफिश आफ्रिकेतील इतर जलाशयांतही सापडले आणि या अनुमानाविषयी शंका उत्पन्न झाली. तरीही हा प्राणी आफ्रिकेबाहेर कोठे आढळतो, असे कोणालाच ठाऊक नव्हते.

१९११ साली ते ठाऊक झाले, आणि ते महाराष्ट्रातून. सातारा जिल्ह्यात सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून वेण्णा, कोयना इत्यादी नद्या निघतात आणि कृष्णेला मिळतात. पावसाळ्यात या नद्या दुथडी भरून वाहतात. उन्हाळ्यात त्यांची धार बारीक होते आणि ठिकठिकाणी संथ डोह तेवढे उरतात. या भागात हिंडत असता आघारकरांना गोड्या पाण्यात तरंगणारे जेलीफिश आढळले. आकाराने ते लहान नाण्याएवढे. काचेसारख्या पारदर्शक अंगामुळे ते सहज नजरेस पडत नाहीत. त्या डोहांवर शेकडो वर्षे माणसे पाणी भरीत होती, गुरे पाण्यावर येत होती, कोळी जाळी टाकीत होते. इतक्या लोकांच्या डोळ्यांसमोर तो प्राणी होता. परंतु त्याच्याविषयी शास्त्रास काहीच माहिती नव्हती. पाहणे आणि ओळखणे यांत किती अंतर असते, हे या एका गोष्टीवरून कळून येईल.

केवळ चमत्कार म्हणून त्या प्राण्याकडे पाहून आघारकर परतले असते, तर शास्त्राचा काही लाभ झाला नसता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख डॉ. नेल्सन ॲनंडेल हे त्या काळी भारतातील गोड्या पाण्यातील प्राण्यांचे मोठे जाणकार होते. त्यांनी या प्राण्याची तपासणी केली. गोड्या पाण्यातील जेलीफिशांच्या दोन प्रजातींतील भेद बाह्य आकारापेक्षा शरीररचनेवरून ठरतो. लंडनच्या हौदात सापडलेल्या प्रजातीत जननग्रंथी छत्रीतील नलिकांना लागून असतात. आफ्रिकेतील प्रजातीत त्या मध्यभागी लोंबणाऱ्या तोंडाच्या नळीभोवती असतात. सह्याद्रीतील प्राणी या दुसऱ्या प्रकारचा ठरला. म्हणजे तो आफ्रिकेतील लिम्नोक्नायडाचाच भाऊबंद. मात्र जात नवी. १९११ साली या शोधाची वार्ता इंग्लंडमधील नेचर या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि १९१२ साली ॲनंडेल यांनी या जातीचे वर्णन करून तिला लिम्नोक्नायडा इंडिका असे नाव दिले. त्याच वर्षी म्युझियममधील ग्रेव्हली या शास्त्रज्ञांबरोबर आघारकरांनी या प्राण्याच्या सवयी आणि त्याचा प्रसार यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला.

आता आफ्रिका आणि सह्याद्री यांमध्ये केवढा तरी समुद्र पसरलेला आहे. गोड्या पाण्यातील नाजूक प्राणी तो ओलांडून कसा जाईल? योगायोग असा की, त्याच १९१२ साली जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडे एके काळी परस्परांना जोडलेली होती आणि पुढे ती दूर सरकली, असा सिद्धान्त मांडला. भारत आणि आफ्रिका एकाच विशाल भूखंडाचे भाग होते, हे आज सर्वमान्य आहे. त्या भूखंडाला गोंडवन असे म्हणतात. आणि हे नाव मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून घेतलेले आहे. गोड्या पाण्यातील जेलीफिशांचे दुसरेही एक वैशिष्ट्य पुढे स्पष्ट झाले. त्यांच्या आयुष्यात छत्रीच्या रूपाखेरीज आणखी एक अवस्था असते. त्या अवस्थेत ते अगदी बारीक असतात आणि दगडांना वा पाणवनस्पतींना चिकटून राहतात. लंडनच्या हौदातील जेलीफिश अशा पाणवनस्पतींबरोबरच दूरदूरच्या देशांत पोचला आहे. एका लहानशा प्राण्याचे नाव ठरवताना खंडांचा इतिहास आणि जीवांचे प्रवास यांचा विचार करावा लागतो, तो असा.

या कामामुळे आघारकरांचे नाव कलकत्त्यात परिचित झाले. त्या वेळी सर आशुतोष मुकर्जी कलकत्ता विद्यापीठात उच्च विज्ञान-शिक्षणाची उभारणी करीत होते. सर रासबिहारी घोष यांनी त्यासाठी १९१३ साली दहा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि तीतून प्राध्यापकांच्या जागा निर्माण झाल्या. त्यांपैकी वनस्पतिशास्त्राच्या जागेसाठी आघारकरांची निवड झाली. या जागेवर काम सुरू करण्यापूर्वी परदेशी जाऊन अधिक अभ्यास करावा, अशी योजना होती. त्याप्रमाणे १९१४ साली आघारकर जर्मनीस गेले. बर्लिन येथे आडोल्फ एंग्लर हे वनस्पतींच्या वर्गीकरणाचे जगप्रसिद्ध आचार्य होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आघारकरांचा अभ्यास व्हावयाचा होता.

परंतु त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. भारत तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होता. म्हणून जर्मनीच्या दृष्टीने भारतीय विद्यार्थी हे शत्रूचे प्रजाजन ठरले. ज्यांचा युद्धाशी काडीचाही संबंध नव्हता, त्या आघारकरांना काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. घर दूर, पत्रे दुर्मिळ, अन्नाची टंचाई, आणि हातातील काम केव्हा पुरे होईल याचा भरवसा नाही. अशा वेळी निराश होऊन अभ्यास सोडून देणे सोपे होते. आघारकरांनी तो सोडला नाही. सुटका झाल्यावर त्यांनी आपले संशोधन पुन्हा हाती घेतले आणि १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय पाहिला म्हणजे सह्याद्रीतील डोह आठवल्यावाचून राहत नाही. वायव्य भारतातील कोरड्या आणि खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती मूळच्या कोठल्या आणि त्या तेथे कोणत्या साधनांनी पसरल्या, याचा तो अभ्यास होता. वनस्पतीला पाय नाहीत. तरी ती प्रवास करते. रुईचे बी कापसासारख्या तंतूंवर बसून वाऱ्याबरोबर उडते. गोखरूचे काटेरी फळ गुरांच्या पायांना आणि प्रवाशांच्या चपलांना चिकटून दूर जाते. बोर पक्ष्याच्या पोटात जाते आणि त्याची आठळी दुसरीकडेच पडते. आपल्या शेताच्या बांधावर या तिन्ही वनस्पती आढळतात. पण त्या तेथे कशा आल्या, असा प्रश्न कितीजण विचारतात? आघारकरांनी नदीतील प्राण्याविषयी जो प्रश्न विचारला होता, तोच त्यांनी वाळवंटातील झुडपांविषयी विचारला. विषय पालटला, परंतु दृष्टी पालटली नाही.

१९२० च्या सुमारास ते भारतात परतले आणि कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. पुढील पंचवीस वर्षे त्यांचे हे कार्य अखंड चालले. विद्यापीठातील अध्यापनाबरोबरच इंडियन सायन्स काँग्रेसच्या सरचिटणिसाचेही काम त्यांनी पाहिले. आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी एकत्र यावे, परस्परांच्या कामाची माहिती घ्यावी, यासाठी अशा संस्थांची गरज असते आणि त्या चालवण्याचे काम बरेचसे पडद्याआडचे असते. पत्रे लिहावी, सभा भरवाव्या, निबंध छापून घ्यावे. यांत कीर्ती थोडी आणि श्रम फार. आघारकरांनी ते श्रम आनंदाने केले.

१९४६ साली ते निवृत्त झाले. वयाची साठी उलटून गेली होती. आयुष्यभर परप्रांतात राहिलेल्या विद्वानाने आता घरी येऊन विश्रांती घ्यावी, हे कोणासही योग्यच वाटले असते. परंतु महाराष्ट्रात विज्ञान-संशोधनासाठी स्वतंत्र संस्था असावी, या हेतूने त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. नव्या संस्थेजवळ साधने तुटपुंजी होती. जागा, उपकरणे, ग्रंथ आणि कार्यकर्ते, सर्वच गोष्टी हळूहळू जमवावयाच्या होत्या. ज्या वयात पुष्कळ लोक हातातील काम खाली ठेवतात, त्या वयात त्यांनी नव्या कामाचा पाया घातला. पुढील चौदा वर्षे, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, ते या संस्थेच्या उभारणीत गढलेले होते. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेल्या रोपाचा पुढे वृक्ष झाला. १९९२ साली संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आणि ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथील शास्त्रज्ञांनी गव्हाचे आणि सोयाबीनचे अनेक वाण शोधून काढले. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून त्या वाणांना एमएसीएस असे नाव दिलेले असते. संस्थेच्या संग्रहात वाळवून, नाव लिहून, जपून ठेवलेल्या वनस्पतींचे नमुने आहेत. कोणती वनस्पती कोणत्या ठिकाणी आणि केव्हा सापडली, याची नोंद अभ्यासकांना तेथे मिळते.

सह्याद्रीतील त्या जेलीफिशच्या शास्त्रीय नावात मात्र आघारकरांचे नाव नाही. जातीचे नाव भारतावरून पडले आहे, आणि वर्गीकरणाच्या नियमाप्रमाणे तिच्यापुढे वर्णन करणाऱ्या ॲनंडेल यांचे नाव लिहिले जाते. यात कोणावर अन्याय झाला असे मानण्याचे कारण नाही. शास्त्राचे काम अनेक हातांनी मिळून होत असते. एकजण डोहाच्या काठी थांबून पाहतो, दुसरा तपासतो आणि नाव देतो, तिसरा त्यावरून पुढचा प्रश्न विचारतो. परंतु डोहाच्या काठी थांबणारा पहिला मनुष्य नसेल, तर पुढचे काहीच घडत नाही.

समुद्र दूर असला तरी मुकुटबनच्या दगडात तो आहे, आणि सह्याद्रीच्या डोहात त्याच्या कुळातील प्राणी आहे. आपल्याही गावाशेजारी एखादी नदी, एखादा नाला किंवा तळे असेल. उन्हाळ्यात त्याचे पाणी संथ झाले म्हणजे काठावर घटकाभर बसून पाहावे. तेथे काय राहते, त्याला काय म्हणतात आणि ते तेथे कोठून आले, याचा विचार करावा. आघारकरांच्या दीर्घ कार्याचा आरंभ अशाच एका पाहण्यातून झाला होता.